पिकअपचे पैसे आणि रिलेचा स्क्रू

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर तिथेच कळेल. दीड वर्षापूर्वी घेतलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही. जुळे सोलापुरातून चिंचोळी एमआयडीसीला रोजचं जाणं-येणं, महिन्यातून एक-दोनदा पुणं. परदेशात कंपन्या स्वतःच पैसे घेऊन सॉफ्टवेअरने पॉवर वाढवून देतात हे तुम्ही वाचलंत. तुमच्या गाडीला कंपनीकडून तशी सोय नाही, पण शहरात एक जण लॅपटॉप जोडून पंचवीस हजारांत ‘वीस टक्के पॉवर खुली’ करून देतो म्हणतोय. पॉवर गाडीत आधीपासून आहे, गाडीचे पैसे आपण मोजलेत, मग कुलूप कंपनीने उघडलं काय नि त्याने उघडलं काय, फरक काय? असा तुमचा सवाल. बॅटरीची काळजी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीय. मी ती सगळ्यात आधी घेणार आहे.

मी कोण ते सांगतो, म्हणजे सल्ला किती मनावर घ्यायचा ते तुम्हीच ठरवाल. बरीच वर्षं डिझेल गाड्यांचे ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप करायचो, म्हणजे त्यातले आकडे बदलून पिकअप वाढवायचो. गेली सहा वर्षं ईव्हीच्या बॅटऱ्या आणि कंट्रोलर यांचंच काम. म्हणजे लॅपटॉप जोडून पिकअप वाढवण्याच्या धंद्यातलं थोडं पाप माझ्याही खात्यावर आहे. तुम्ही गाडीचं मॉडेल लिहिलेलं नाही, बॅटरी केवढी, तिला लिक्विड कूलिंग आहे का, तेही नाही. त्यावर पुष्कळ अवलंबून आहे, त्यामुळे काही ठिकाणी मी ‘बघावं लागेल’ म्हणेन.

आता ‘पॉवर गाडीत आधीच आहे’ या वाक्याकडे. वडिलांचं पूर्वभागात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागाला एक हॉर्सपॉवरची मोटर असते, पूर्ण लोडवर दोन अँपिअरच्या आसपास घेते. तिच्या ओव्हरलोड रिलेवर एक बारकी चकती असते, स्क्रूड्रायव्हरने फिरते. करंट ठरल्यापेक्षा जास्त झाला की रिले माग बंद पाडतो. दिवाळीआधी ऑर्डरी आल्या की कारखानदाराला ते बंद पडणं परवडायचं नाही. तो चकती दोनवरून तीनवर न्यायचा. माग धडधड चालायचा, टॉवेलचे गठ्ठे वेळेत जायचे, मालक खूश. दिवाळीत काही व्हायचं नाही, पौष-माघातही नाही. एप्रिल लागला, पत्र्याची शेड तापली, की तीच मोटर सायकलच्या कॅरिअरला बांधून आमच्या दुकानात. उघडली की जळक्या वार्निशचा वास, आणि तांब्याच्या तारा काळ्या पडून एकमेकींना चिकटलेल्या. वडील काही बोलायचे नाहीत, नुसते चकतीची खूण विचारायचे.

त्या मोटरमध्ये ताकद ‘होतीच’ की! तीन अँपिअर ओढले ना तिने सहा महिने. तुमच्या गाडीत पॉवर आहे ती या अर्थाने आहे.

गाडीत ती चकती म्हणजे सॉफ्टवेअरमधला एक आकडा. प्रत्यक्षात एक नाही, बरेच: बॅटरीतून किती करंट ओढायचा, इन्व्हर्टरने मोटरला किती द्यायचा, कोणत्या तापमानाला तो किती कमी करायचा, बॅटरी २० टक्क्यांवर आली की काय करायचं. (इन्व्हर्टर म्हणजे घरातला लाइट गेल्यावरचा नव्हे. बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा डबा.) हे आकडे ठरवताना इंजिनिअर लोक उष्णतेचा हिशोब करतात, आणि तो सरळ चालत नाही. तारेत, सेलमध्ये, जोडाच्या बोल्टपाशी जी उष्णता तयार होते ती करंटच्या वर्गाने वाढते. करंट २० टक्के वाढवला तर उष्णता २० टक्के वाढत नाही, ४४ टक्के वाढते. बॅटरी उतरत आली की व्होल्टेज खाली येतं, मग तेवढीच पॉवर द्यायला करंट आणखी जास्त लागतो.

समजा गाडीची बॅटरी ४० किलोवॉट-तासांची आहे, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ४० युनिट, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर मोटर १०६ किलोवॉट घेते. त्या गतीने ओढतच राहिलं तर भरलेली बॅटरी २३ मिनिटांत रिकामी होईल. तसं कोणी चालवत नाही, दहा-पंधरा सेकंद पेडल दाबतो आणि सोडतो, म्हणून चालून जातं. मोटरची अधिकृत चाचणी होते तेव्हा कमाल पॉवर आणि सलग ३० मिनिटं टिकणारी पॉवर असे दोन वेगळे आकडे काढतात ते याचसाठी. जाहिरातीत पहिला आकडा येतो, दुसरा त्याच्या बराच खाली असतो.

मग कंपन्या स्वतःच तो स्क्रू पैसे घेऊन कसा फिरवतात? काही उदाहरणं बघा. टेस्लाने २०१९ च्या डिसेंबरात मॉडेल ३ च्या लाँग रेंज ऑल-व्हील गाडीला २,००० डॉलरमध्ये ‘अॅक्सिलरेशन बूस्ट’ दिला. शून्य ते ताशी ६० मैल, म्हणजे आपले ९६ किलोमीटर, ४.४ सेकंदांवरून ३.९ वर आले. गॅरेजला जाणं नाही, नेटवरून फाईल आली की झालं. पोलस्टार २ च्या दोन मोटरवाल्या गाडीला तसाच अपडेट मिळाला, ५० किलोवॉट जास्त. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत वर्षाला १,२०० डॉलर भाड्याने पॉवर देऊ केली. ईक्यूई ३५० मध्ये २१५ किलोवॉटवरून २६०, म्हणजे तुमच्या त्या माणसाचे वीस टक्केच. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ ला २०१ अश्वशक्तीवरून २२८ वर नेण्यासाठी महिन्याला साडेसोळा पौंड किंवा कायमचे ६४९ पौंड असा दर लावला.

आपल्याकडेही हे अगदीच नवं नाही. ओलाने २०२२ च्या जानेवारीत एस१ स्कूटर बुक केलेल्यांना एस१ प्रोचंच हार्डवेअर देऊन, प्रोची कामगिरी हवी तर ३० हजार भरून अपडेट घ्या, असं सांगितलं होतं. उलट टाटाने २०२३ मध्ये नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज ४३७ वरून ४५३ किलोमीटर केली आणि जुन्या मालकांनाही तो अपडेट फुकट दिला. तेव्हा सॉफ्टवेअरने गाडी सुधारली की पैसे पडणारच, असा काही नियम नाही.

यावर लोक चिडतात, आणि थोडं चिडायलाही हवं. बीएमडब्ल्यूने गरम होणाऱ्या सीटचं महिन्याचं भाडं काही देशांत लावलं होतं, ओरड झाली आणि २०२३ मध्ये त्यांनी ते गुंडाळलं. (सोलापुरात मे महिन्यात सीट फुकटच तापते, आपल्याला तो प्रश्न नाही.) सीटचं भाडं मला शुद्ध लबाडी वाटते. कॉइल बसवलीय, तिचे पैसे गाडीच्या किमतीत आलेत, तुम्ही ती रोज वापरली म्हणून कंपनीच्या खिशातून काही जात नाही. पॉवरचं तसं नसतं. पॉवर वाढवली की बॅटरी, इन्व्हर्टर, गिअर, ड्राइव्ह शाफ्ट, टायर सगळ्यांवर ताण वाढतो, आणि ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची बॅटरीची वॉरंटी कंपनीने दिलेली असते. स्क्रू कुठवर फिरवला तर किती गाड्या वॉरंटीत परत येतील याचा हिशोब तिच्याकडे असतो, कारण हजारो गाड्यांचं तापमान रोज तिच्याकडे जमा होतं. त्या २,००० डॉलरमध्ये नफा आहेच, पण उद्या काही जळलं तर ते आम्ही बघू, ही हमीही त्यातच आहे. महिन्याच्या भाड्याची पद्धत मला तरीही आवडत नाही, पण ते माझं मत.

महावितरणकडे मंजूर लोड वाढवून घेतो तेव्हा बऱ्याचदा घरातली वायर तीच राहते, तरी पैसे भरतो. त्यांनी ट्रान्सफॉर्मर बघून हो म्हटलेलं असतं. तारेवर आकडा टाकला तरी वीज तीच येते. कुलूप कोणी उघडलं याने फरक काय, याचं माझं उत्तर एवढंच.

हेच अमेरिकेत घडूनही गेलंय. टेस्लाचा बूस्ट २,००० डॉलरला होता, तर कॅनडातल्या एका कंपनीने ११०० डॉलरला तेच काम करणारा छोटा डबा बाजारात आणला. २०२० मध्ये टेस्लाच्या पुढच्या अपडेटने तो ओळखला आणि डबा लावलेल्या गाड्यांच्या स्क्रीनवर सूचना आली, की विसंगत फेरबदल आढळला आहे, नुकसान होण्याचा किंवा गाडी बंद पडण्याचा धोका आहे. ईव्ही ही कायम कंपनीशी बोलत असलेली गाडी आहे. डिझेलचा रीमॅप सर्व्हिसआधी पुसून टाकायचो तसं इथे लपत नाही.

आता तुमच्या त्या लॅपटॉपवाल्याकडे वळू. पाहिल्याशिवाय त्याला खोटा म्हणणार नाही. पण असल्या ‘अनलॉक’च्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यात तीन प्रकार दिसतात. सगळ्यात जास्त आढळतो तो पेडल बॉक्स. अॅक्सिलरेटरचं पेडल तुम्ही किती दाबलं हे दोन सेन्सर गाडीला सांगतात. त्या सॉकेटमध्ये मध्येच एक डबी बसवतात. तुम्ही ३० टक्के दाबलं की डबी ५० सांगते. गाडी एकदम उसळते, माणूस म्हणतो, काय पळायला लागली ओ! पण पेडल पूर्ण दाबलं की डबीला शंभरच्या वर सांगायला काही उरत नाही. पॉवर एका किलोवॉटनेही वाढलेली नसते. हेच काम तुमच्या गाडीतला स्पोर्ट मोड फुकट करतो. लॅपटॉप त्यात नुसता उघडा ठेवायला असतो.

दुसरा प्रकार म्हणजे काहीच न करणं. तोही आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

तिसरा खराखुरा: कंट्रोलरमधले आकडे बदलणं, किंवा कंट्रोलरलाच फसवणं. चारचाकीत हे अवघड आहे, सॉफ्टवेअरला कंपनीची डिजिटल सही असते, सही जुळली नाही तर गाडी ते चालवतच नाही. स्वस्त स्कूटरमध्ये मात्र सर्रास चालतं. मागच्या उन्हाळ्यात एक कॉलेजचा पोरगा स्कूटर ढकलत घेऊन आला, सात रस्त्यावर बंद पडलेली. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरची, म्हणजे लायसन्स आणि नंबर प्लेट न लागणाऱ्यांतली. म्हणाला, पन्नासने पळत होती काका. कंट्रोलर उघडला. आत करंट मोजायला धातूच्या जाड तारेचा एक तुकडा असतो, त्याला शंट म्हणतात. त्यातून जाणाऱ्या करंटवरून कंट्रोलर ठरवतो की आता पुरे. कोणीतरी त्या तुकड्यावर सोल्डर थापून तो जाड केला होता. जाड झाला की रोध कमी, आणि कंट्रोलरला वाटतं करंट कमीच जातोय. प्रत्यक्षात दुप्पट चाललेला. सहापैकी चार मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे बारके स्विच) फुटले होते, एकाचं टोपण उडून डब्याच्या झाकणाला चिकटलं होतं. दोन-अडीच हजारांचा कंट्रोलर गेला म्हणून मी त्याला नशीबवान म्हटलं. बॅटरी वाचली होती. वडिलांच्या दुकानातला स्क्रू आणि हे सोल्डर, माझ्या लेखी एकच.

इथवरचं एका दमात: जादा पॉवर खरी असते, ती उष्णतेच्या रूपाने किंमत वसूल करते, ती किंमत कोण उचलणार हे कंपनीच्या अपडेटमध्ये लिहिलेलं असतं आणि लॅपटॉपवाल्याच्या पंचवीस हजारांत नसतं.

आता ती पॉवर तुमच्या कामाची किती, ते बघू. इथे मी लोकांना नाराज करतो. पुणे रस्त्याला ताशी १०० ने सरळ चालताना तुमच्यासारख्या गाडीला साधारण १८ ते २० किलोवॉट लागतात. शंभराहून अधिक किलोवॉट आत्ताच तुमच्या पायाखाली आहेत. चिंचोळीला जाताना तर विचारायलाच नको. उपयोग होईल तो ओव्हरटेकला. माणसांसकट १,७०० किलोची गाडी ६० वरून १०० वर न्यायला सुमारे ४२० किलोज्यूल लागतात. चाकापाशी ८५ किलोवॉट पोचत असतील तर पाच सेकंद. वीस टक्के वाढवले तर चार सेकंदांच्या जरासं वर. त्या वाचलेल्या वेळात ऐंशीच्या सरासरीने वीसेक मीटर होतात, म्हणजे ढोबळमानाने ऊसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची लांबी. गाळपाच्या हंगामात बार्शीसारख्या दुपदरी रस्त्याला रोज जात असाल तर मी याला किरकोळ म्हणणार नाही. पण तुमचा पुणे रस्ता चौपदरी आहे.

आणि सोलापूरचा उन्हाळा. एप्रिलच्या शेवटी एका ग्राहकाच्या गाडीला डोंगल (गाडीतले आकडे मोबाइलवर दाखवणारी डबी) लावून मी तुळजापूरला गेलो होतो, ‘घाटात गाडी मरते’ अशी त्यांची तक्रार. दुपारचे अडीच, बाहेर ४२ अंश. वाटेत त्यांनी फास्ट चार्जिंग केलं, उठलो तेव्हा सेल ४७ अंशांवर होते. घाट लागला, त्यांनी पेडल दाबलं, मी मोबाइलवर बघतोय. डिस्चार्ज लिमिटचा, म्हणजे बॅटरी जास्तीत जास्त किती पॉवर देईल त्याचा आकडा सकाळी १०४ किलोवॉट होता, तो ८० वर येऊन बसलेला. गाडीत बिघाड काहीच नव्हता, बॅटरी जपत होती. या गाडीला अनलॉक करून १२५ केले असते तरी त्या दुपारी मिळाले असते ते ८०च. आणि कोणी तो तापमानाचा आकडाही पुसला असता, तर ८० च्या वर मिळाले असते आणि बॅटरीने ते लक्षात ठेवलं असतं. सेल गरम असताना जोरात ओढले की लवकर म्हातारे होतात. डिसेंबरातल्या सकाळी हाच प्रवास वेगळा झाला असता, म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की परिस्थितीवर आहे. लिक्विड कूलिंग चांगलं असेल तर फरक पडतो, हवेवर थंड होणारी बॅटरी असेल तर हा विषय इथेच सोडा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि आरसीवर मोटरची पॉवर नोंदलेली असते. न कळवलेला बदल म्हणजे अपघाताच्या क्लेमला विमा कंपनीच्या हाती आयतं कोलीत. फोक्सवॅगनने ब्रिटनमध्ये त्या गाड्या कारखान्यातूनच २२८ च्या आकड्यावर नोंदवल्या, म्हणजे अपडेट घेतला तरी कागद बदलायला नको. तयारी करून विकणं म्हणजे असं.

पुढेमागे तुमच्या कंपनीने असा अपडेट काढलाच, तर घेण्याआधी तो गाडीच्या नावावर राहतो की तुमच्या खात्यावर, हे लेखी विचारा. फोक्सवॅगनचा कायमचा पर्याय गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो. अमेरिकेत २०२० मध्ये मात्र सेकंडहँड टेस्ला घेतलेल्या एकाच्या गाडीतून आधीच्या मालकाची सॉफ्टवेअर सुविधा कंपनीने काढून घेतली होती; बोभाटा झाल्यावर परत दिली. वॉरंटीची मुदत तीच राहते का, तेही विचारा. आणि भाडं असेल तर मी घेणार नाही, एकरकमी आणि परवडणारं असेल तर विचार करीन. नवीन टायरचा खर्च त्यात धरून, कारण पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर जादा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) आधी रबर खातो.

आत्ता तुम्ही काय करावं? आठवडाभर स्पोर्ट मोडवर चालवा. बहुतेकांची ‘पॉवर कमी पडते’ ही तक्रार इको मोडमधली असते. तरीही त्या माणसाकडे जायचंच असेल, तर आधी सकाळी थंड वेळी, बॅटरी ७० टक्के असताना, मोकळ्या सरळ पट्ट्यावर पेडल पूर्ण दाबून ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा, तीनदा. काम झाल्यावर त्याच वेळी, त्याच चार्जवर, तिथेच पुन्हा तीनदा. सेकंद तेवढेच आले तर तुम्ही पंचवीस हजारांची डबी घेतलीत. कमी आले तर काळजीचं कारण जास्त.

आणि पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडे पावती मागा. गाडीचा नंबर, कोणता आकडा कितीवरून किती केला, आणि खाली सही. रीमॅपच्या दिवसांत माझ्याकडे एका गिऱ्हाइकाने ती मागितली होती. मी दिली नव्हती.